टोपलीतले खडे

धुळ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. पुरावा नसेल तर सख्ख्या आजोबांच्या गोष्टीवरही माझा विश्वास बसत नाही. बहुधा म्हणूनच चर्चच्या विश्वस्तांनी हे काम मला दिलं.

शिंदखेड्याच्या पुढे, तापीच्या पल्याड एक लहानसं प्रार्थनाघर आहे. तिथे संत क्रिस्टोफरची लाकडी मूर्ती. प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदी पार करवणारा धिप्पाड माणूस. तो खरंच होऊन गेला का, यावर अभ्यासकांत वाद आहे. मूर्ती ठेवायची की हलवायची, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं.

नावाडी मंगाभाऊने मला नावेतून पलीकडे नेलं. उतरल्यावर वाळूतला एक खडा उचलून मूर्तीच्या पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकला.

"तुमना," एवढंच म्हणाला.

असेल काही नवसाचं, म्हणून मी सोडून दिलं. मूर्तीचं माप घेताना टोपली आड येत होती. मी ती ओट्यावर पालथी केली. सहा खडे निघाले, त्यातला एक हाताळून काळा पडलेला. तीन वाजले होते.

झाडलोट करणारी नानीबाई ते बघून झाडू टाकून धावत आली.

"सर, हाई काय करं तुम्ही? माणूस घर उना, मंगच त्याना खडा काढतस!"

नदी उतरणारा घरी परतेपर्यंत त्याचा खडा टोपलीत राहायचा. या काठच्या गावातल्या चौघी नदीपार कापूस वेचायला गेल्या होत्या. चार खडे त्यांचे, एक माझा. काळा खडा तिच्या लेकाचा, सुपडूचा. तो नऊ वर्षांपूर्वी नदी उतरून गेला, आलाच नाही. रोज ती तो खडा पुसून पुन्हा टोपलीत ठेवायची.

मला फार लाज वाटली. "परत ठेवतो," मी म्हणालो.

"आते काय फायदा? संतले वाटनं व्हई, बठ्ठा घर उनात." म्हणजे संताच्या लेखी सगळे घरी पोचले होते.

दिवस कलताना नाव आली. चौघी बोलत बोलत उतरल्या. रिकामी नाव मात्र कडेपर्यंत पाण्यात दबलेलीच राहिली.

मग कोणी उतरावं तशी ती एकदम वीतभर वर आली.

नानीबाईने ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"बस रे सुपडू," ती म्हणाली.

मला आता फक्त घरी जायचं होतं. मी बायकोला फोन लावला.

"दिपमाला, मला उशीर होईल."

ती कुजबुजली, "कोण बोलतंय? हे तर तीनलाच घरी आलेत."

तिच्या मागून माझा आवाज आला, "कोणाचा फोन आहे गं?"

मी हाका मारत नदीकडे धावलो. मंगाभाऊ नाव बांधून, माझ्या अगदी जवळून, माझ्याकडे न बघता घरी निघाला होता.