जहाजाला लागणारी उंची

"बोल लवकर, यातलं कोणतं?"

शिवणाच्या लांबलचक टेबलावर मोतिया रंगाचा अर्धवट शिवलेला पडदा पसरला होता, आणि त्याच्यावरच धाकटीच्या नवऱ्याने दोन रंगीत माहितीपत्रकं शेजारी शेजारी मांडली होती. एरवी चष्म्याच्या दुकानात दिवसभर "हे अक्षर दिसतंय का, आता दिसतंय का" असं विचारून विचारून कंटाळलेला हा माणूस आज नुसता उत्साहाने फुलून गेला होता. का नाही फुलणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यातली निम्मी दवाखान्यांच्या बाकड्यांवर गेली, आणि शेवटी गेल्या महिन्यात दोघांनी एकमेकांचे हात धरून ठरवून टाकलं होतं, की आता बस्स! आता सुया नकोत, तपासण्या नकोत, महिन्याच्या महिन्याला नव्याने ते रडणं नको... आता आपण दोघंच, आणि दोघांनी जगायचं! त्या जगण्याची सुरुवात म्हणून ही जहाजाची सहल. चांगली ऐषआरामी, समुद्राकडे उघडणाऱ्या सज्जाची.

"हे बघ," तो पहिल्या पत्रकावर बोट आपटत म्हणाला, "ह्याच्यावर घसरगुंडी आहे, मुलांसाठी तलाव आहे. आणि खोलीत गंमत काय, तर कळ दाबली की भिंतीतून तिसरा पलंग खाली येतो! चिमणी तर वेडी होईल. तिला शाळेला सुट्टीच आहे, वहिनी नाही म्हणणार नाही."

दुसऱ्या पत्रकावर घसरगुंडी नव्हती. पांढऱ्या खुर्च्या, शांत पाणी, आणि तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ... फक्त प्रौढ प्रवाशांसाठी.

धाकटीने टाचण्यांची डबी बाजूला सारली. तिचं बोट त्या तिसऱ्या पलंगाच्या चित्रावरून हळूच फिरलं, क्षणभर तिथे रेंगाळलं, आणि मग जणू चटका बसावा तसं उचलून तिने ते दुसऱ्या जहाजावर ठेवलं.

"हे."

"अगं, पण ह्याच्यात चिमणीला घेणार नाहीत."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि तिच्याच कानांना तो शब्द किती निष्ठुर वाटला म्हणून सांगू!

आणि नेमकं तेव्हाच टेबलाखालून एक डोकं वर आलं. चिमणी! वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जावेची एकुलती एक लेक, समोरचे दोन दात पडलेली, दोन्ही मुठींत कापडाच्या चिंध्या गच्च धरलेली.

"माऊ, जहाजात मी कुठे झोपणार?"

जिने काकू म्हणायच्या वयात स्वतःच्या मनाने 'माऊ' हे नाव ठेवलं, तिला खरं कोणत्या तोंडाने सांगायचं? माणूस अडचणीत सापडला की करतो तेच धाकटीने केलं. थाप मारली.

"अगं, त्या जहाजात ना... उंची लागते. बागेतल्या मोठ्या पाळण्यापाशी रेघ असते बघ, तशी."

"केवढी?"

धाकटीने हवेत कुठेतरी हात धरला. चिमणी धावत येऊन त्या हाताखाली उभी राहिली, डोळे वर करून तिने मधलं अंतर बघितलं. वीतभरच होतं.

"एवढंच? मग होईन की मी!"

आणि ती खुशाल उड्या मारत निघून गेली. नवरा मात्र माहितीपत्रकांच्या घड्या घालत बसला.

त्या दिवसापासून धाकटीच्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही. थोरली इस्पितळात परिचारिका, थोरले दीर परगावी नोकरीला, त्यामुळे चिमणी तान्ही होती तेव्हापासून दिवसभर धाकटीकडेच. तिचं पहिलं पाऊल पडलं ते याच टेबलाच्या पायाला धरून, तिचा पहिला दात दिसला तो धाकटीला. पण संध्याकाळ झाली, थोरली ड्यूटीवरून आली आणि जिन्यात उभी राहून "चिमणेऽऽ" अशी हाक मारली, की ती पोर हातातलं सगळं टाकून तडक निघायची. एकेक पायरी चढून वर जायची, आणि एकदासुद्धा मागे वळून बघायची नाही... एकदासुद्धा नाही! धाकटी दारात उभी राहून त्या चिमुकल्या पाठीकडे बघत राहायची. मग दार लावून मशीनवर बसायची आणि नवरा येईपर्यंत डोळे कोरडे करायची. कुणाला सांगणार? ज्याची पोर त्याच्याकडे गेली, यात तक्रार ती कसली?

सहलीचं थोरलीला सांगायला ती वर गेली. "ताई, त्या जहाजावर मुलांना घेत नाहीत हो," असं अर्धंच सत्य कसंबसं बाहेर पडलं.

"अगं बाई, जा की!" थोरली एकदम म्हणाली. "खुशाल जा! मी रजा काढते. काही काळजी करू नकोस." आणि ती हसली.

ते हसू धाकटीने मनाला लावून घेतलं. ताई रागावल्या! दोघंच्या दोघं मजा मारायला निघालेत, आमची पोर इथे टाकून... असंच आलं असणार त्यांच्या मनात. आणि काय चुकलं त्यांचं?

बॅग भरायला काढली, तर घडी घातलेला प्रत्येक कपडा तिला टोचू लागला. तिकडे चिमणीने दूध न कुरकुरता प्यायला सुरुवात केली. रोज येऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि विचारायची, "झाले का गं?" धाकटी "होशील हं" म्हणून वेळ मारून न्यायची. एकदा तर ती पोर शिवणाच्या खोलीतल्या लोखंडी दांडीला लोंबकळताना दिसली. शिवून झालेले पडदे चुण्या सारख्या पडतात की नाही हे बघायला ज्या दांडीवर टांगायचे, तीच ती दांडी. "माकडा, उतर आधी!" असं म्हणून धाकटी हसली आणि कामाला लागली. का लोंबकळतेस म्हणून विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर...!

निघायला दोन दिवस राहिले होते. धाकटी आतल्या खोलीत बॅगेची साखळी ओढत होती. बाहेर काहीतरी धाडकन पडलं, पाठोपाठ किंकाळी आली, आणि ती बॅग तशीच टाकून धावली. दांडी भिंतीतून उपटून आली होती, तिच्याबरोबर पडदा खाली आला होता, आणि त्या मोतिया कापडाच्या ढिगात चिमणी पडली होती, मनगट भलत्याच बाजूला वाकलेलं...

थोरलीच्याच इस्पितळात तिला नेलं. प्लॅस्टर घालता घालता डॉक्टरांनी तिचं रडं थांबवायला थट्टेने विचारलं, "काय गं, दांडीवर काय खाऊ ठेवला होता?"

"खाऊ नाही," चिमणी हुंदके देत म्हणाली. "मी उंच होत होते. माऊच्या जहाजाला उंची लागते ना! वीतभरच राहिली होती."

थोरली, अंगावर ड्यूटीचे पांढरे कपडे, हातात कापूस, जागच्या जागी थिजली. तिने जावेकडे बघितलं. ती नजर! त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुपारी चिमणीला झोप लागली तेव्हा थोरलीच्या स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसल्या. चहा तसाच थंड होत होता.

"ताई, ह्यांना सांगितलंय मी, रद्द करा म्हणून. मी कुठेही जात नाही. ताई, मी खोटं बोलले... उंचीची रेघ नव्हती. आणि नियमाचंही निम्मंच खरं. दुसरं जहाज होतं, मुलांना घेणारं. तिच्यासाठी तिसरा पलंगसुद्धा होता! मीच... मी मुद्दाम ते नाकारलं!"

"का?" थोरलीने एवढंच विचारलं.

आणि मग इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"कारण तो पलंग बघितला आणि मला भीती वाटली हो! ती आमच्या खोलीत झोपेल, सकाळी आमच्याच खोलीत उठेल, संध्याकाळ होईल आणि जिन्यातून हाकच येणार नाही... आणि परत आल्यावर मी तिला तुमच्या हातात देऊ शकले नाही तर? रोज देते, ताई, रोज! आणि रोज ती जाते, मागे वळूनसुद्धा बघत नाही. तुमचीच आहे, जायलाच हवं तिने. पण मला थोडे दिवस असे हवे होते, की ज्यांत कुणी माझ्याकडे येणार नाही आणि कुणी माझ्याकडून जाणार नाही. एवढ्यासाठी मी तिचा हात मोडला!"

थोरलीने पदराने डोळे टिपले.

"राग आला मला. नाही कशाला म्हणू? दवाखान्यात तर असा आला, की तुझं तोंड बघू नये असं वाटलं. पण आता माझंही ऐक. तू जाणार म्हणालीस तेव्हा मी हसले, आठवतं? ते काय तोंडदेखलं हसू होतं? अगं, आनंद झाला होता मला! म्हटलं, सुटले! थोडे दिवस तरी माझी पोर माझी. तिला ताप येतो तेव्हा औषध मी देते, रात्रभर उशाशी मी बसते, आणि ती झोपेत रडते कुणाच्या नावाने? 'माऊ, माऊ'! तू होतीस म्हणून माझी नोकरी टिकली, आणि मी मात्र तू कधी एकदा जातेस याची वाट बघत बसले होते. लाज वाटते गं सांगायला..."

"ताई!"

"थांब, मला बोलू दे. तू जायचं. रद्दबिद्द काही करायचं नाही."

"तिचा हात असा असताना? कसं शक्य आहे?"

"तिचा हात असा आहे म्हणूनच! तू थांबलीस, तर ती जन्मभर समजेल की मी पडले म्हणून माऊ थांबली. पुढच्या वेळी कुणाला थांबवायचं झालं तर काय करेल ती? आणि तिच्यामुळे तुझी सहल बुडाली हे ओझं त्या एवढ्याशा जिवाने का वाहायचं? चुकलीस ना? मग थांबून पुण्य पदरात पाडून घेऊ नकोस. जा. पण जायच्या आधी तिला खरं सांग. तू सांगायचं, मी नाही."

इतकी कठीण शिक्षा धाकटीने स्वतःलाही दिली नसती. थांबणं किती सोपं होतं! चिमणीच्या उशाशी बसून भात भरवायचा, आणि मन हलकं करून मोकळं व्हायचं. खाली जाऊन तिने नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "रद्द? मी कुठे केलंय अजून! रडून झाल्यावर तुला नीट दिसेल म्हणून थांबलो होतो." चष्मेवालाच तो!

संध्याकाळी चिमणी उठून बसली. धाकटी तिच्या पलंगाच्या कडेला टेकली. थोरली दारात पाठ करून उभी राहिली, जणू तिला ऐकायचंच नव्हतं.

"चिमणे, त्या जहाजाला उंची लागत नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले."

चिमणीने डोळे मोठे केले. "म्हणजे मी उगीच दूध प्यायले?"

धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं. "तिथे फक्त मोठी माणसं जातात. आणि ते जहाज मीच निवडलं."

"मला कंटाळलीस?"

"नाही गं राणी, नाही! तू रोज संध्याकाळी वर जातेस ना, तेव्हा मला फार रडू येतं. ते रडू थोडं थांबावं म्हणून मी जातेय. तुझी काहीच चूक नाही. सगळी माझी चूक."

चिमणी विचारात पडली. मग अगदी गुपित सांगावं तसं हळू आवाजात म्हणाली, "म्हणून तर मी मागे बघतच नाही. आईने सांगितलंय ना, जिन्यात मागे बघायचं नाही, तू बघितलंस की माऊ जास्त रडते. मला किती बघावंसं वाटतं! मी कठडा घट्ट धरते आणि पायऱ्या मोजते."

धाकटीने मान वर केली. दारातली पाठ हलत होती. ताईंना ठाऊक होतं... इतकी वर्षं! ज्या पाठमोऱ्या जाण्याने तिचं काळीज रोज फाटत होतं, ते तिच्याच काळजापायी त्या दोघींनी रोज निभावलं होतं. ती उठली आणि थोरलीच्या पाठीवर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली.

"पुरे गं," थोरली न वळता म्हणाली. "माझे कपडे भिजतायत."

निघायच्या सकाळी धाकटी निरोप घ्यायला वर गेली, आणि दोघी मायलेकी तिला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. नवरा बॅगा घेऊन पुढे गेला होता, गाडी फाटकाशी उभी होती.

"माऊ, आता तू मागे बघायचं नाही हं," चिमणीने ताकीद दिली. "नाहीतर मी रडेन."

"नाही बघणार."

धाकटीने कठडा घट्ट धरला. एक पायरी, दुसरी, तिसरी... रोज ती पोर हेच करत होती तर! डोळ्यांसमोरच्या पायऱ्या धूसर झाल्या, पण तिने मान वळवली नाही. फाटक आलं. नवऱ्याने गाडीचं दार उघडलं. ती आत बसणार, तोच वरच्या सज्जातून थोरलीची हाक आली.

"अगं ए! मागे बघ!"

तिने बघितलं. चिमणी कठड्यावरून प्लॅस्टरचा हात जोरजोरात हलवत होती, तोंडभर हसत होती, पुढच्या दोन दातांची खिडकी सताड उघडी! आणि तिच्या मागे, तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून, थोरली मात्र हमसून हमसून रडत होती.