कोपीची पिशवी ठेवायची कुठे?

बाहेर पाऊस कोसळत होता, हॉलमध्ये एसी गारठवत होता, आणि प्रियदर्शिनी वानखेडे अजून बाजारातही न आलेल्या एका आलिशान गाडीत बसून नाश्ता करत होती.

मांडीवर टोस्टचा कागद. आणि कोपीची पिशवी… हो, पिशवीच! सिंगापुरात कॉफीला कोपी म्हणतात आणि हॉकर सेंटरवरून, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतून, बांधून घेतली की ती दोरी लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, वरून एक स्ट्रॉ खोचून. ठेवायची सोय नव्हती, म्हणून तिने ती पिशवी सरळ स्टिअरिंगजवळच्या वायपरच्या दांडीला लटकवली होती आणि मागे रेलून डोळे मिटले होते.

एवढ्यात पलीकडचा दरवाजा उघडला.

"एक्स्क्यूज मी… ही माझी गाडी आहे," इंग्रजीत कुणीतरी म्हणालं.

प्रियदर्शिनी दचकली. कोपर दांडीला लागलं. कोरड्या काचेवर वायपर करकरत सुरू झाले, दांडी हलली, पिशवी सुटली आणि मलईच्या रंगाच्या त्या कोऱ्या करकरीत चामडी सीटवर कोपीचं तळं साचलं.

दारातला उंच तरुण काही ओरडला नाही. त्याने खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि सीट टिपायला लागला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं – आर. गजभिये.

"अगं बाई…" तिच्या तोंडून निघून गेलं, "गजभिये? नागपूर?"

तो थांबला. रुमाल हातातच राहिला.

"भंडारा," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच हसला. "रत्नदीप. पण हे डाग भंडाऱ्याला नेऊन धुतले तरी जाणार नाहीत."

"चूक तुमच्या गाडीची आहे," प्रियदर्शिनीने लगेच हल्ला चढवला. चूक आपली असली की ती नेहमी असंच करायची. "इतकी महागडी गाडी आणि पेय ठेवायला साधी जागा नाही?"

"गाडी चालवायला असते. खायला-प्यायला घर असतं."

"हे अमेरिकेत जाऊन सांगा! तिथली माणसं नाश्ता गाडीतच करतात."

"आणि युरोपात गाडीत खाणाऱ्याकडे कसं बघतात, माहीत आहे?"

"कसं?"

"जसं मी आत्ता तुमच्याकडे बघतोय."

पण तो ज्या नजरेने बघत होता त्यात राग काही दिसत नव्हता. प्रियदर्शिनीने उगाचच टोस्टच्या कागदाची घडी घातली.

तर मामला असा होता. सन दोन हजार सहा. रत्नदीपच्या कंपनीला एकच गाडी बनवून ती अमेरिका आणि युरोप, दोन्हीकडच्या श्रीमंतांना विकायची होती. तो चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात सीटचा आणि स्प्रिंगांचा इंजिनीअर. शिक्षण जर्मनीत झालेलं, त्यामुळे आवडीनिवडीही तिकडच्याच. गिऱ्हाइकांच्या मनात काय आहे हे शोधायचं काम तांजोंग पगारच्या एका छोट्या फर्मला मिळालं होतं. प्रियदर्शिनी तिथली. सिंगापुरात नोकरीसाठी आलेले अमेरिकन आणि युरोपियन भरपूर. दर शनिवारी त्यांना या हॉलमध्ये बोलवायचं, नाव झाकलेल्या गाडीत बसवायचं, मागच्या आवारात चक्कर मारायला लावायची आणि काय आवडलं ते विचारायचं. अमेरिकन लोकांचा गट तिच्याकडे होता. गाड्यांवर रात्रंदिवस बोलणाऱ्या या दोघांकडे मिळून एक सायकलसुद्धा नव्हती, हे वेगळं सांगायला नको. सिंगापुरातल्या जबर करांमुळे गाडी घेणं हे पगारदार माणसाचं काम नव्हे.

मग शनिवारमागून शनिवार दोघांची जुंपू लागली. तिचे अमेरिकन म्हणायचे, सीट सोफ्यासारखी हवी, खड्डा कळताच कामा नये. युरोपियन म्हणायचे, रस्ता हाताला कळला नाही तर ती गाडी कसली? युरोपियनांना गिअर स्वतः टाकायचे होते, अमेरिकनांना गिअर असतात हे आठवायचंसुद्धा नव्हतं. त्यांना डिझेल चालत होतं, यांना नाव काढलं तरी ट्रक आठवत होता. प्रत्येक मुद्द्यावर प्रियदर्शिनी भुवई उंचावून रत्नदीपकडे बघायची. तो मान हलवायचा आणि मग वादाच्या नावाखाली दोघं तासभर बोलत बसायचे.

काम संपलं की तो तिला सेंगकांगला घरापर्यंत सोडायला यायचा. "माझी वाट तिकडूनच आहे," म्हणायचा. बाहेर हमखास पाऊस असायचा. पण एमआरटी स्टेशनपासून बिल्डिंगच्या दारापर्यंत सगळ्या वाटेवर पक्कं छप्पर. सरकारने नागरिकांची एवढी काळजी घेतली, पण एका छत्रीत जायला निमित्त शोधणाऱ्यांचा विचार कुणी केलाच नव्हता! तरी दोघं त्या रुंद वाटेवरून खांद्याला खांदा लागेल इतके जवळून चालायचे. उरलेली वाट मोकळीच राहायची.

"जर्मनीत एक गंमत आहे," एकदा तो म्हणाला. "गाडीच्या मागे इंजिनाचा आकडा असतो ना, मोठं की छोटं ते सांगणारा? पुष्कळ जण सगळ्यात मोठं इंजिन घेतात आणि तो आकडा काढून टाकायला सांगतात."

"का?"

"असेल ते आत असावं. मिरवायचं कशाला?"

"आणि मागच्या गाडीतल्या माणसाला कसं कळायचं?"

"कळतं… हळूहळू."

"माझे अमेरिकन तर छोट्या इंजिनावरही मोठा आकडा चिकटवतील," ती हसत म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुम्ही तुमचा आकडा काढून टाकलाय वाटतं?"

रत्नदीपचे कान लाल झाले. तो छपराच्या कडेवरून गळणारं पाणी बघत राहिला.

घरी लताताई, म्हणजे तिची मोठी बहीण, दार उघडून उभीच होती. "राहतो कुठे गं हा मुलगा?"

"सिमेईला."

"सिमेई? हॉलच्या शेजारी? अन् त्याची वाट सेंगकांगवरून जाते? अर्धं सिंगापूर पालथं घालतोय तो, प्रियू!"

प्रियदर्शिनीला त्या रात्री झोप लागली नाही. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं, अगदी साफ, आता त्यात शंका उरली नव्हती. त्याचंही असावं. पण असावं म्हणजे काय? तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

शेवटच्या शनिवारी एक जोडपं आलं. नवरा टेक्सासचा, बायको जर्मन, लग्नाला बरीच वर्षं झालेली. नियमाप्रमाणे दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. नवरा म्हणाला, "स्प्रिंग कडक ठेवा. मऊ गाडीत तिला मळमळतं." बायको म्हणाली, "कप ठेवायला मोठी जागा द्या. तो गाडीत कॉफी पितो. मला अजिबात आवडत नाही, पण तो प्यायचा थांबणार नाही."

प्रियदर्शिनी आणि रत्नदीप एकमेकांकडे बघतच राहिले. दोघांनी शेजारच्या माणसाची आवड सांगितली होती! तो काहीतरी बोलणार, असं तिला वाटलं. त्याचे ओठ हललेसुद्धा…

तेवढ्यात त्याचे साहेब, मिस्टर लिम, आले. वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "गुड वर्क, गुड वर्क! रत्नदीपशिवाय पुढे कसं होणार लाह? पुढच्या महिन्यात तो जर्मनीला. तीन वर्षं."

प्रियदर्शिनी रत्नदीपकडे वळली, पण त्याने नजर चुकवली.

त्या संध्याकाळी प्लॅटफॉर्मवर ती प्रथमच त्याच्यावर खरोखर चिडली. "हे मला मिस्टर लिमकडून कळायला हवं होतं?"

"सांगणार होतो…"

"कधी?"

"योग्य वेळ आली की. युरोपात गाडी तयार नसते मिळत. ऑर्डर द्यायची, मग महिनोन्‌महिने थांबायचं. चांगल्या गोष्टीला—"

"रत्नदीप," तिने त्याला तोडलं, "तुम्ही ऑर्डर दिली आहे? की नुसतेच थांबलाय?"

ट्रेन आली. दारं उघडली. तो जागचा हलला नाही. प्रियदर्शिनी आत शिरली आणि मागे न बघता बसली. दारं मिटल्यावर मात्र डोळे भरून आले. स्वतः बोलून टाकावं असं हजारदा मनात आलं होतं; पण इतकी वाट चालत आलेल्या माणसाने शेवटचं एक पाऊल तरी आपणहून टाकावं, एवढा हट्ट तिला सोडवत नव्हता.

पुढचे काही दिवस फोन वाजला नाही. "कारखान्यात आहे म्हणे, दिवसभर गाडीखाली," लताताईने कुणाकडून तरी कळलेलं सांगितलं. प्रियदर्शिनीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

निकाल मांडायचा दिवस उजाडला. त्याच हॉलमध्ये कंपनीचे झाडून सगळे साहेब बसले होते. प्रियदर्शिनी उभी राहिली आणि ठणकावून बोलली. दोघांच्या मधली गाडी काढाल तर ती कुणालाच आवडणार नाही. गाडी एकच ठेवा, पण स्वभाव दोन द्या – अमेरिकेत मऊ, युरोपात कडक. आणि चालवणाऱ्याइतकाच शेजारी बसणाऱ्याचा विचार करा, कारण खूप माणसं गाडी त्याच्यासाठीच घेतात. टेक्सासच्या नवऱ्याची आणि जर्मन बायकोची गोष्ट तिने सांगितली तेव्हा कडक चेहऱ्याचे साहेबही हसले. टाळ्या पडल्या. ती जिंकली होती. फक्त कोपऱ्यात उभ्या असलेल्या रत्नदीपकडे तिने बघितलं नाही.

मग सुधारलेल्या गाडीवरचं कापड काढलं गेलं. मिस्टर लिम उत्साहाने शेजारच्या सीटवर जाऊन बसले. इथे दाब, तिथे ओढ असं करता करता त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. समोरच्या कप्प्याखालून एक छोटासा, गोल टोकाचा हुक टपकन बाहेर आला.

"धिस वन हू आस्क फॉर, आह?" त्यांनी डोकं बाहेर काढलं. "हे कुणी मागितलं? तुझ्या अमेरिकनांनी?"

"नाही सर," प्रियदर्शिनी गोंधळली.

"मग युरोपियनांनी?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रत्नदीप पुढे आला. कान लाल, शर्टाच्या बाहीवर ग्रीसचा डाग.

"एका गिऱ्हाइकाने, सर."

"अमेरिकन का युरोपियन?"

"नागपूरची, सर."

प्रियदर्शिनीच्या हातातला माईक खाली आला.

"नागपूरला आपण गाडी विकणार आहोत?" मिस्टर लिम चक्रावले. "तिला परवडेल ही गाडी?"

"नाही, सर. मलाही नाही परवडणार." आता सगळा हॉल हसत होता, पण रत्नदीप थांबला नाही. "ती कोपी पिशवीतून पिते. पिशवी ठेवायला जगातल्या एकाही गाडीत जागा नाही. ती जिथे बसेल तिथे तिची कोपी सांडू नये, म्हणून मी हा हुक बसवला. माझं तिच्यावर प्रेम आहे, सर. हे तिला सोडून सगळ्यांना आधी सांगतोय, त्याबद्दल माफी मागतो."

मग तो तिच्याकडे वळला आणि सगळ्या साहेबलोकांसमोर मराठीत म्हणाला, "प्रियदर्शिनी, ऑर्डर दिली. मला जर्मनीला एकट्याने जायचं नाहीये. माझ्याशी लग्न करशील? तू हवं तर वेळ घे… मी थांबेन."

तू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. प्रियदर्शिनीचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू फुटत होतं.

"अमेरिकन गिऱ्हाईक थांबत नसतं," ती म्हणाली. "गाडी समोर दिसली, आवडली, की त्याच दिवशी घरी. हो म्हणतेय रे, हो!"

चुकून माईक चालूच होता. मराठी कुणाला कळलं नाही, पण तो "हो" हॉलभर दुमदुमला आणि तेवढा सगळ्यांना कळला. टाळ्या थांबेनात. मिस्टर लिम गाडीतूनच ओरडले, "ठेवा लाह, तो हुक! माझी बायकोसुद्धा पिशवीतूनच पिते!"

दुपारी, गाडी परत कापडाखाली जाण्याआधी, रत्नदीपने किल्ली मागून घेतली. प्रियदर्शिनीने हॉकर सेंटरवरून गरम कोपीची पिशवी आणली आणि ऐटीत हुकाला लटकवली.

"जर्मनीत पिशवीतून कॉफी मिळत नाही," तो म्हणाला.

"मग पिशव्या इथून नेऊ. गाडीत प्यायची परवानगी आहे ना?"

"तुला आहे."

त्याने मागच्या आवारात चक्कर मारली आणि मुद्दाम, चांगल्या वेगात, गाडी गतिरोधकावरून नेली. प्रियदर्शिनी किंचाळली, त्याचा दंड घट्ट धरला आणि मग सोडलाच नाही. पिशवी हुकाला डुलत राहिली. एक थेंबही सांडला नाही.