स्वयंप्रत

नागपुरात बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेत. एक आजारांच्या तपासणीला जाई, दुसरा पेटंटच्या. सुजयाची मुलगी चार दिवसांची असताना दुसऱ्या थेंबाचा निकाल आला: ‘उल्लंघन.’

सुजयाची आई वत्सला रामटेके म्हणजे पेटंट कायद्याच्या नावाजलेल्या अभ्यासक. कायदा त्यांना कळत होता, विज्ञान सुजयावर उपचार केलेल्या डॉ. बोधनकरांनी समजावलं.

“लहानपणी सुजयाला सिकलसेल होता. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकायच्या. आम्ही तिच्यात दुरुस्तीचं जनुक घातलं. ते बीजांडातही उतरलं, तिथून बाळात आलं.”

“मग बाळ निरोगी आहे ना?”

“ठणठणीत. आजार आईबाप दोघांकडून आलाय, पण या जनुकानं तो दाबून धरलाय.”

जनुकाचं पेटंट ज्या कंपनीकडे होतं, तिची नवी आवृत्ती यायची होती. तोवर जुनीचा परवाना कुणालाच मिळत नव्हता. आजारावर दुसरा इलाज बाजारात उरला नव्हता. आणि कंपनीची मागणी एकच: बाळातलं जनुक औषधानं कायमचं बंद करा.

न्यायालयात वत्सलाताई स्वतः उभ्या राहिल्या. “पेटंटची वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा मालकाचा हक्क संपतो. हे जनुक माझ्या मुलीला विकलं होतं.”

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, मी तुमचीच विद्यार्थिनी. स्वतःची प्रत स्वतःच काढणाऱ्या वस्तूला ‘स्वयंप्रत’ हे नाव तुम्ही दिलंत. विकलेल्या वस्तूवरचा हक्क संपतो, प्रतीवरचा नाही; प्रत म्हणजे नवं उत्पादन, हेही तुम्हीच लिहिलंत. वरच्या न्यायालयानं ते तत्त्व जसंच्या तसं स्वीकारलं. माझे हात बांधलेले आहेत.”

“अहो, मी कपाशीच्या बियाण्याबद्दल लिहिलं होतं!”

“तसं लेखात कुठेच म्हटलेलं नाही.”

खरंच नव्हतं. सिद्धान्त सुटसुटीत दिसावा म्हणून शेवटच्या खर्ड्यात ‘बियाणे’ हा शब्द त्यांनीच खोडला होता.

इंजेक्शनच्या दिवशी सुजया भिंतीकडे तोंड करून बसली. नर्स म्हणाली, “पाय घट्ट धरा कुणीतरी.” वत्सलाताईंनी धरला.

सातव्या महिन्यात पोरीचे दोन्ही पंजे सुजले. बोटं मिटेनात. छातीशी धरलं तरी रडं थांबेना. रडून रडून आवाज बसला, तोंड मात्र उघडंच.

न्यायालयाच्या निकालापासून सुजया आईशी कामापुरतंच बोलत होती. आज तिनं मान वर केली.

“आई, मला असंच व्हायचं का गं?”

“हो,” वत्सलाताई म्हणाल्या.