भट्टीतला दम

तांबं वितळवायला केवढी आग लागते, हे वृंदा लहानपणापासून ऐकत आली होती. तिचे वडील, हरिचंद्र रोकडे, अंबरनाथच्या एका ओतशाळेत भट्टीवर कामाला होते. निवृत्त होऊन उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या घरी बसले, ते छातीत दमा घेऊनच. वृंदा पुण्याला जाऊन पुरातत्त्व शिकली, आणि संशोधनाला तिने विषय घेतला तो प्राचीन इजिप्तच्या धातुकारागिरांचा.

ती अडली होती एका चित्रापाशी. हजारो वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर ते कोरलेलं होतं. विस्तवात धातू वितळवायची मूस, भोवती उकिडवी बसलेली माणसं आणि प्रत्येकाच्या तोंडात लांब फुंकणी. भाता कुठेच नाही. नुसत्या तोंडच्या वाऱ्यानं तांबं वितळतं का, यावर पंडितांचे वाद होते. वृंदाने ठरवलं, करूनच पाहू.

कॅम्पातल्या गल्लीत एवढा धूर कोण करू देणार? म्हणून १९८७ च्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, बारवी धरणाजवळच्या पाड्यावर नवसूच्या घरामागे खड्डा खणला. नवसू लाकडाचा कोळसा पाडायचा. तो, त्याची बायको पुतळी आणि दोघं शेजारी फुंकायला बसले. बोरूच्या नळ्या होत्या, टोकाला मातीची तोंडं लावलेली. वडिलांनी, म्हणजे आबांनी, हट्टानं यायचं ठरवलं होतं. एसटीतून उतरल्यापासून ते खोकत होते. कोरडा, दुहेरी खोकला, आणि मागून घसा खाकरणं.

कोळसा लाल व्हायचा, नारिंगी व्हायचा आणि तिथेच थांबायचा. मुशीतले तांब्याचे तुकडे काळे पडून तसेच होते.

"आण ती नळी," आबा म्हणाले.

"आबा, तुम्हाला नाही झेपणार."

"बघू तरी."

त्यांनी फुंकायला सुरुवात केली. वृंदा त्यांच्या पाठीशी हात धरून उभी राहिली. आता ढास लागेल, मग लागेल. ढास लागली नाही. गाल फुगले नाहीत, खांदे हलले नाहीत. एकच संथ श्वास नळीतून जात राहिला. मधे हवा आत घेतल्याचं तिला दिसलं नाही. विस्तव पिवळा झाला, मग पांढरा. ज्वाळेला हिरवी कड आली. बाकीच्यांनी आपापल्या नळ्या खाली ठेवल्या आणि ते सरकून मागे बसले. मुशीतलं तांबं पाण्यासारखं हललं.

"आबा, बास आता."

आबांनी नळी बाजूला केली, सावकाश ओठ पुसले. "सुटलं एकदाचं," ते म्हणाले.

परतीच्या एसटीत ते खोकले नाहीत. त्या रात्री कित्येक वर्षांनी आडवे होऊन झोपले. दोनचार दिवसांनी शेजारच्या ईश्वरीबाईंनी वृंदाला दारात गाठलं. "दादा की खाँसी का आवाज नहीं आता. कौन-सी दवाई दी?" वृंदा हसली. तिलाही बरंच वाटत होतं. आबा जिने चढत होते, बाजारातून पिशव्या आणत होते. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पुन्हा लावली, कानातली काढून पुसली. "छाती अगदी साफ आहे," ते म्हणाले. "काहीच ऐकू येत नाही."

मग एका सकाळी आबा दाढी करत होते. खिडकीतल्या छोट्या आरशाला नाक लागेल इतके जवळ वाकले होते, ओठावरचे केस काढत. गरम पाण्याच्या तांब्यातल्या वाफेनं आरशाची खालची कड धुरकटली होती. त्यांच्या तोंडासमोरची काच मात्र लख्ख होती. वृंदा चहाचा कप धरून बघत राहिली.

त्याच आठवड्यात नवसू कॅम्पात आला. दारातच उभा राहिला. आत आबा पेपर वाचत होते. त्यांना बघून त्याने आवाज खाली आणला.

"बाई, तुमची आग इझत नाय."

"कोळसा घालतोस का तिच्यात?"

"नाय घातला. तुम्ही या एकदा."

ती दुपारच्या एसटीनं गेली. ऊन तापलं होतं, पान हलत नव्हतं. खड्ड्यातला निखारा उजळत होता, मंदावत होता, पुन्हा उजळत होता. ती वाकली तेव्हा ओढणीचं टोक आपोआप विस्तवाकडे ओढलं गेलं, क्षणभर तिथे थरथरलं आणि परत आलं.

मग खड्ड्यातून खोकला आला. कोरडा, दुहेरी. मागून घसा खाकरल्याचा आवाज.

नवसूच्या हातात पाण्याची घागर होती. "ओतू?"

"नको."

"बाई, आमची पोरं हितं खेळतात."

"नको, नवसू. मी हात जोडते."

नवसूने तिच्याकडे पाहिलं, मग घागर खाली ठेवली.

पावसाआधी तिने खड्ड्यावर पत्र्याचं छप्पर घालून घेतलं, भोवती दगडांचा कठडा रचला. आबांना तिने काहीच सांगितलं नाही. ज्या चित्रासाठी एवढं केलं, त्यावर तिने एक ओळही लिहिली नाही. दर रविवारी ती पाड्यावर जायची. पुतळी टोपलीभर कोळसा आणून द्यायची, ती तो घालायची.

श्रावणात एकदा धरणाकडच्या ओढ्याला पाणी आलं, रस्ता तुटला आणि तिचा रविवार चुकला. त्या दिवसांत आबा खाटेवर पडून राहिले. ओठ निळसर झाले, हाक मारली तर उशिरा ओ द्यायचे. रस्ता उघडताच ती धावत पाड्यावर गेली. खड्ड्यात पाणी झिरपलं होतं, राखेखाली वाटाण्याएवढा निखारा उरला होता. तिने कठड्याला टेकवलेली बोरूची नळी उचलली, गुडघ्यांवर बसली आणि फुंकलं.

निखारा धरला. तिला दम लागला नाही. घरी पोचली तेव्हा आबा उठून चहा पीत होते.

पुढच्या रविवारी पुतळीने टोपली ठेवली, पण ती लगेच गेली नाही. पदर तोंडाशी धरून कठड्यापाशी उभी राहिली.

"बाई, आता दोगांचा आवाज येतो," ती म्हणाली. "एक तुमच्या बाबांचा. एक बारीक हाय, बाईमाणसाचा."

वृंदाने खाली बसून टोपलीतला कोळसा घातला, नेहमीपेक्षा थोडा जास्त.