सदुसष्ट किलो करडईचं तेल

चोर सापडला आणि जगदेवरावांनी त्याच्यापुढे उदबत्ती लावली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. चोर अजून सापडायचा आहे.

मुरारला, हिंदी मुलखात, जगदेवरावांचा तेलघाणा. सगळा मुलूख मोहरी गाळतो, म्हणून हे गेल्या वर्षापासून करडई गाळत. महिन्याला एकदा, दोनशे किलो बी. साठ किलोच्या वर तेल निघालं तर धंदा, खाली गेलं तर समाजसेवा, असं तेच सांगत. अकरा महिने सदुसष्ट निघालं. मग पत्नी मंदाताई वारल्या आणि पुढचे दोन्ही घाणे बावन्नवर आले. पेंड मात्र तेव्हाही एकशे त्रेचाळीस, आताही तेवढीच.

"दर वेळी पंधरा किलोचा डबा गायब. संध्याकाळी संग्रामसिंहला काढतोय," जगदेवराव फोनवर म्हणाले. संग्रामसिंह यंत्रावर बावीस वर्षं होता.

फोनच्या दुसऱ्या टोकाला खाजगी तपास करणारी गरिमा होती; ती लगेच निघाली. मागोमाग तिचा चुलतभाऊ हेमेंद्र, जेवायचं कुठे या विचारात.

संग्रामसिंहने चोरी नाकारली नाही, कबूलही केली नाही. घाण्याच्या दिवशी भाभीजी, म्हणजे मंदाताई, ऑटोने जेवण आणत, सगळ्यांना हात धुवायला पिटाळत, एवढं सांगितलं.

"और तुम?" गरिमाने विचारलं.

"मैं सामान उतारता था. उनके घुटने ख़राब थे."

शिंदे की छावनी या मोहल्ल्यात मंदाताईंच्या बहिणीने, उषाताईंनी, आपल्या घराची गच्ची दाखवली. गेरू फासलेले अकरा डबे, त्यांत वाळलेला झेंडू.

"मंदा महिन्याला एक नवा डबा आणून ठेवायची. आणि झेंडू तिला आवडायचाही नाही."

"केस सॉल्व," हेमेंद्र जिन्यात कुजबुजला. "डबे उषाताईंकडेच मिळाले ना."

गरिमाने एक डबा उचलून घाण्यावर आणला.

"काका, सदुसष्ट तेल, एकशे त्रेचाळीस पेंड. बेरीज?"

हेमेंद्रने बोटांवर केली, मग मोबाइलवर. "दोनशे दहा."

"बी दोनशेच. आणि आताची बेरीज एकशे पंच्याण्णव. पाच किलो ओल नि कचऱ्यात जातं. हिशेब आता बरोबर आहे, काका. चोरी होत नाहीये. तेव्हा भर पडत होती."

तिने नखाने गेरू खरवडला. खाली छापलं होतं: करडई तेल, सोलापूर.

"अकरा घाणे, अकरा डबे. सगळे हात धुवायला गेले की काकू हे तेल भरीला घालत. पण काकूंना पंधरा किलो उचलवत नव्हते."

सगळ्यांनी संग्रामसिंहकडे पाहिलं.

"भाभीजी ने क़सम दी थी," तो म्हणाला. "कहती थीं, मशीन रुकी तो साहब भी रुक जाएँगे."

जगदेवराव तडक उठले. मग घरी जाऊन त्यांनी मंदाताईंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि संग्रामसिंहला आपल्या शेजारी जेवायला बसवलं. हेमेंद्रही बसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उद्योग खात्याला अर्ज दिला. मराठीत, तिथे ती कोणालाच येत नाही.

"अर्जदाराच्या करडईचा तेल-उतारा यापुढेही, कै. मंदाताईंच्या हयातीतल्याप्रमाणे, सदुसष्ट किलोच धरण्यात यावा, ही नम्र विनंती. सोबत: रिकामे डबे, अकरा."