तुमचं मूल कोणतं?

"हातमोजे हरवलेस तर घरी येऊ नकोस. दोरी घे, एका बाहीतून आत घाल, मानेमागून फिरव, दुसऱ्या बाहीतून बाहेर काढ आणि दोन्ही टोकांना एकेक मोजा बांध. कळलं? एका बाहीतून आत, दुसरीतून बाहेर!"

ताईचा आवाज मावशीच्या कानात अजून घुमत होता. ताई दीड महिन्याच्या बाळाला मांडीवर घेऊन घरी बसली होती आणि तिथूनच राज्य चालवत होती. थंडी सुरू झाल्यापासून तिच्या पाच वर्षांच्या लेकीने हातमोज्यांचे चार जोड शहराला दान केले होते. एक बसमध्ये, एक दवाखान्यात, उरलेले दोन कुठे ते देवालाच ठाऊक. लेक एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आणि या भिंगरीला दर रविवारी स्केटिंगच्या वर्गाला नेण्याचं काम धाकट्या बहिणीच्या, म्हणजे मावशीच्या गळ्यात पडलं होतं. बागेतल्या मैदानावर हिवाळ्यापुरता बर्फ गोठवत आणि ऊन वाढलं की तो वितळवून टाकत. त्यामुळे रविवार मोजून आठ.

पहिल्या रविवारी कपडे बदलायच्या खोलीत नुसता गलका होता. मुलांचे कोट काढा, कोपरांना पट्ट्या बांधा, पुन्हा कोट चढवा! बाहेरच्या गारठ्यातून त्या उबदार खोलीत पाऊल टाकताच मावशीच्या चष्म्यावर वाफ धरली. मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर झटायची, पण त्या घडीला तिला स्वतःच्या नाकाच्या शेंड्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तिने चाचपडत खुंटीवरचा निळा कोट धरला, मनात देवाचं आणि त्याच्या पाठोपाठ ताईचं नाव घेतलं आणि दोरी ओवली. एका बाहीतून आत, दुसरीतून बाहेर.

फक्त ती दुसरी बाही शेजारच्या खुंटीवरच्या निळ्या कोटाची होती.

शिट्टी वाजली. मुलांनी आपापले कोट अंगात घातले. भिंगरी दाराकडे सुटली. शेजारचा, चार स्वेटरांनी गोल गरगरीत झालेला मुलगा उलट्या दिशेने पाण्याच्या बाटलीकडे निघाला. एक पाऊल, दोन पावलं... आणि दोघंही धपकन खाली!

"अहो, ओढू नका!" मागून एक तरुण धावत आला. "ओढलं की गाठ आवळते!"

"मी कुठे ओढतेय? तुमचा मुलगा ओढतोय!"

"माझा नाही, भावाचा. आणि तो ओढत नाहीये, पडलाय."

"मग उठवा ना त्याला!"

"उठवतो की. पण तुमची मुलगी त्याच्यावर बसलीये."

"माझी नाही," मावशी कळवळून म्हणाली, "बहिणीची."

दोघं गुडघ्यांवर बसून गाठी सोडवू लागले. मावशीने घाईघाईने चष्मा पुसला आणि सगळ्यात आधी स्पष्ट दिसलं ते त्याचं हसू... ओठ दाबून धरलेलं, तरी डोळ्यांतून सांडणारं.

"ही दोरी ओवली कुणी?"

"...मी."

"वा! मी लिफ्ट दुरुस्त करतो. दोर, गाठी, ताण, रोजचाच धंदा. पण इतकं भक्कम काम नाही पाहिलं. चार मजले सहज ओढेल ही."

"थट्टा करताय?"

"थोडीशी," तो म्हणाला. "बाकी खरं आहे."

त्या दिवसापासून काठावरच्या बाकावर दोघांची जागा ठरून गेली. मुलं बर्फावर, मोठी माणसं बाकावर. पुतण्याला तो गाठोडं म्हणायचा आणि त्या स्वेटरांकडे बघून कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. त्याची वहिनी थर्मासमधून गरम सूप पाठवायची आणि थर्मासच्या झाकणाचा एकच पेला असायचा. आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं होता होता सूप निवायचं.

बोलणं मात्र सगळं मुलांचं.

"भिंगरीचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे. गाठोड्याचं पोट?"

"काल साफ झालं एकदाचं. घरात आनंदीआनंद!"

मावशी खुदकन हसायची आणि मग घरी जाताना स्वतःवरच चिडायची. दुसऱ्यांच्या वाट्याला चांदणं येतं, कविता येतात, आणि आपल्या वाट्याला एका पोराचं पोट! पण खरं सांगायचं तर आठवड्यातले सहा दिवस ती त्या पोटाची चौकशी करायला आतुर असायची.

बघता बघता सातवा रविवार संपला. तो थर्मासचं झाकण घट्ट करत होता. घट्ट झालेलं झाकण पुन्हा सैल करून पुन्हा घट्ट करत होता.

"पुढचा शेवटचा," तो म्हणाला.

"हं."

"मग नंतर..."

"नंतर काय?" मावशी त्याच्याकडे वळली.

"नाही, म्हणजे... मुलांना चुकल्यासारखं होईल."

"हो ना," ती बर्फाकडे बघत म्हणाली. "मुलांना."

घरी ताईने तिचा चेहरा बघितला आणि बाळाला खांद्यावर टाकून पाठ थोपटत विचारलं, "काही बोलला का तो लिफ्टवाला?"

"कोण लिफ्टवाला?"

"मला शिकवू नकोस. माझी लेक सगळ्या बातम्या देते. त्याला तोंड आहे की नाही?"

"आहे. छान आहे," मावशी बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली.

"अगं बाई! मग तुला नाही का तोंड? दोघं मुक्यासारखे बसा. बर्फ वितळेल आणि चिखल राहील!"

रोज सकाळी दिव्यापुढे बसली की मावशी ताईसाठी मागायची, बाळासाठी मागायची, दुकानातल्या कुण्या आजोबांच्या मोतीबिंदूसाठीसुद्धा मागायची. स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती. आठव्या रविवारी मात्र हात जोडले आणि मनात पटकन म्हणाली, एवढं एक. मग देवासमोरही लाजली.

बाक रिकामा होता.

वर्ग सुरू झाला, भिंगरीच्या दोन फेऱ्या झाल्या, तरी बाक रिकामाच. मावशीने उगीचच पर्स उघडली, मिटली. आला नाही. मागच्या रविवारी एक वाक्य बोलले असते तर... पण तेव्हा तोंडाला कुलूप.

तेवढ्यात फाटकाशी आवाज चढला. शिकवणाऱ्या बाई गळ्यातली शिट्टी मुठीत धरून कुणाला तरी अडवत होत्या.

"तुमचं मूल कोणतं?"

"आज... नाहीये."

"मूल नाही? हा लहान मुलांचा वर्ग आहे. मुलाशिवाय कुणाला आत सोडत नाही मी."

"त्याला ताप आलाय. गाठोड्याला."

"गाठोड्याला ताप?" बाईंच्या भुवया टोपीत शिरल्या. "अहो, तुम्ही मग इथे कशासाठी आलात?"

सगळ्या बाकांवरच्या आया, आज्या, काका वळून बघू लागले. त्याचे कान थंडीने लाल होते की कशाने, कुणास ठाऊक. त्याने मैदानापलीकडे मावशीकडे नुसतं पाहिलं.

मावशी उठली. आवाज चांगला खणखणीत निघाला.

"ते माझ्याबरोबर आहेत."

"तुमच्याबरोबर म्हणजे?"

"म्हणजे... माझ्याबरोबर."

बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि फाटक उघडलं. शेजारच्या बाकावरच्या एका आजीने सुस्कारा सोडला, "सात आठवडे झाले बाई! मला वाटलं, आता उन्हाळाच लागणार."

तो येऊन उभा राहिला. बसला नाही.

"दोन कामं होती," तो म्हणाला. "एक वाटेत अकरा वेळा पाठ केलंय, तरी चुकणार. उद्या संध्याकाळी, तुमचं दुकान बंद झाल्यावर... भेटू या का? मुलांशिवाय?"

"मुलांशिवाय बोलायचं काय आपण?"

"तेच मला सुचत नाहीये. सात दिवस विचार करतोय. म्हणून म्हटलं, दोघांनी मिळून शोधू."

मावशी हसली. सहाला या, असं म्हणायला गेली आणि तोंडून निघालं, "सहाला ये."

ते 'ये' दोघांच्या मधोमध थंडीतल्या वाफेसारखं क्षणभर तरंगत राहिलं.

"आणि दुसरं काम?" तिने घाईने विचारलं.

"आज शेवटची फेरी मारली की प्रत्येकाला बिल्ला मिळतो ना. पुतण्या अंथरुणात रडत होता, माझी फेरी राहिली म्हणून. मी त्याला वचन दिलंय. त्याच्याऐवजी मी मारीन."

"स्केटिंग येतं तुला?"

"आयुष्यात बर्फावर पाय ठेवला नाही. मी वर-खाली जाणारा माणूस, आडवं जायची सवय नाही."

त्याने भाड्याचे स्केट्स चढवले. नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. बाईंनी कपाळावर हात मारला आणि लहान मुलं तोल सावरायला धरतात तो गुडघ्याएवढा लाल प्लास्टिकचा पेंग्विन त्याच्यापुढे सरकवला.

"काका, गुडघे वाकवा!" भिंगरी ओरडली.

"आणखी वाकलो तर आडवाच होईन गं!"

मावशी कठड्याशी गेली. "पडशील," ती हळूच म्हणाली.

"पडेन," तो म्हणाला. मग त्याने पेंग्विनच्या दोन्ही पंखांना घट्ट धरलं आणि कमरेत वाकून, कमरेएवढ्या पोरांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी, एक पाय पुढे सरकवला.