हात लागलेली पानं

माझ्या कामाला जुनं यंत्र लागतं, आणि जुनं यंत्र धडधाकट मिळणं कठीण. लोक एक तर ते भंगारात देतात, नाहीतर माळ्यावर टाकून त्यावर गाद्या रचतात. त्यामुळे ताई जेव्हा म्हणाली, "यांचा कॉम्प्युटर घेऊन जा, मला तो नव्या घरात न्यायचा नाही," तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी टॅक्सी घेऊन हजर झाले.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी कुणाला किती द्यायची आणि कुणाकडून कधी काढून घ्यायची, हे तो ठरवतो. आमच्या गटात तो बदलायचं काम मास्तरांचं आणि बदलाने फायदा झाला की तोटा, हे मोजायचं काम माझं. मास्तर कधीही कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते, पण दुसऱ्याच्या चुका लाल करण्याची हौस दांडगी, म्हणून ते नाव पडलं. या वेळचा बदल जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रांसाठी होता, आणि तो महिनाअखेर सगळीकडे जायचा होता.

भाऊजी मागच्या वर्षी गेले. माणूस हसतमुख, मृदू बोलणारा. आमच्या आईला तर जावई म्हणजे लाख मोलाचा वाटे. पण त्यांच्या घरात कुठल्याही खणाला कुलूप नसे, आणि ताईच्या पर्सची चेनसुद्धा उघडी ठेवायची असा दंडक होता. ताईने याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. ते गेल्यावर तिने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि मला एवढंच सांगितलं, "पत्ता कुणाला देऊ नकोस. त्यांच्या माणसांना तर मुळीच नको."

मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी ते यंत्र मांडलं. डिस्क काढून माझी कोरी डिस्क बसवली. पंखा सुरू झाला तसा तापलेल्या धुळीचा वास आला आणि त्यात पुसटसा अत्तराचा. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा वास राहतोच, असं म्हणून मी खिडकी उघडली.

चाचणी अगदी साधी होती. मेमरीचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना आम्ही पानं म्हणतो. प्रोसेसरने एखाद्या पानाला हात लावला की त्यावर खूण पडते. कर्नल अधूनमधून खुणा पुसतो. ज्यावर पुन्हा खूण पडत नाही ते पान थंड झालं, म्हणजे ते आवळून बाजूला ठेवायला हरकत नाही. माझा प्रोग्राम बरीचशी पानं एकाच अक्षराने भरून स्वस्थ झोपी जाई. पडद्यावर प्रत्येक पानाचा एक ठिपका होता. हात लागला तर पांढरा, नाहीतर काळा. थोड्या वेळात सगळा पडदा काळा व्हायला हवा होता.

तो झाला नाही. एक पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे सरकत गेला. ओळ संपली की खालच्या ओळीवर. शेवटाला पोचला की पुन्हा वरून.

मी नेटवर्कची वायर काढली. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या. तोच प्रोग्राम माझ्या दुसऱ्या एका जुन्या यंत्रावर चालवला, तिथे पडदा काळाकुट्ट झाला. भाऊजींच्या यंत्रावर परत आले, तर ठिपका चालतच होता.

"मास्तर, तुमच्या बदलात काहीतरी घोटाळा आहे," मी फोनवर म्हटलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "आधी टेस्ट सुधारा, बाई. सगळ्या पानांवर एकच अक्षर भरलंय तुम्ही. खऱ्या यंत्रावर असं असतं का? खरा मजकूर भरा. कागदपत्रं, फोटो, असेल ते."

म्हणणं बरोबर होतं. माझ्या घरच्या कागदपत्रांचं एक फोल्डर होतं, तेच मी मेमरीत ओतलं.

ठिपका थबकला. मग पुन्हा निघाला, पण आता संथ. फोटोंवरून झरझर जाई, मजकुरावर रेंगाळे. कधी एखाद्या पानावरून मागच्या पानावर परत येई. मी ताटातला भात तसाच ठेवून बघत राहिले. ही चाल माझ्या ओळखीची होती. कुणीतरी वाचत असतं तेव्हा डोळे असेच फिरतात.

आणि मग तो एका पानावर थांबला.

पंख्याचा आवाज खाली आला. ठिपका हलेना. कर्नल खूण पुसे, ती लगेच पुन्हा पडे. बाकी पडदा काळा होत गेला, अगदी मास्तरांना हवा होता तसा. फक्त ते एक पान थंड होत नव्हतं.

त्या पानावर काय आहे ते मी उघडून पाहिलं. ताईच्या नव्या घराचा भाडेकरार. मसुदा मीच करून दिला होता. शहर, रस्ता, इमारतीचं नाव. मजल्याची जागा तेवढी कोरी होती, ती घरमालक हाताने भरणार होता.

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा तोही ठिपका विझला होता.

मी यंत्राची विजेची वायर खेचून काढली आणि ताईला फोन लावला.

"अगं, किती दिवसांनी," ती म्हणाली. खिडक्यांना पडदे लावत होती. वर्षभरात तिचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता. "घरात इतका उजेड येतो ना, बघशील तू."

"ताई, कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? हां, खालचा रखवालदार म्हणत होता, आत्ताच एक गृहस्थ आपलं घर कितव्या मजल्यावर ते विचारत होते. तू सुतार पाठवणार होतीस ना? म्हटलं, पाठव सरळ वर."

सुताराला मी अजून फोनही केला नव्हता.

"ताई, दार लावून घे."

"लावलेलंच आहे, गं. काय झालं?"

तिकडे पडद्याच्या कड्या दांड्यावर सरकल्या आणि थांबल्या.

"ताई?"

ती बोलली, पण माझ्याशी नाही. फोन तोंडापासून लांब धरला होता, आणि आवाज बारीक, सावध झाला होता.

"बहीण आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, तिनेच केला. आत्ताच."